कोणता शब्द कोणाशी बांधलेला

मराठी माध्यमात शिकून पुढील शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या मुलामुलींना मी संध्याकाळच्या वेळी इंग्रजी शिकवते. त्यांचा शब्दसंग्रह त्यांना स्वतःला वाटतो त्याहून पुष्कळ चांगला असतो. एखाद्या अग्रलेखातील लांब वाक्य फळ्यावर लिहून दिले, तर त्यातल्या बहुतेक शब्दांचे अर्थ ती सांगतात, उरलेल्या दोन-तीन शब्दांचे मोबाइलवर शोधून काढतात, आणि तरीही संपूर्ण वाक्य काय म्हणते असे विचारले की अडखळतात. शब्दांचे अर्थ कळूनही वाक्य हाती लागत नाही, कारण कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे, ती गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यांना दिसत नाही. या गाठीला इंग्रजी व्याकरणात फ्रेज म्हणतात आणि मराठीतील भाषाभ्यासक पदबंध म्हणतात. मी येथे दोन्ही शब्द वापरणार आहे, कारण वर्गातही मी तसेच करते.

फ्रेज हा विषय या मुलांना नवा नसतो. ‘अधोरेखित फ्रेजचा प्रकार ओळखा’ हा प्रश्न त्यांनी परीक्षेत सोडवलेला असतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडांमध्ये नाऊन फ्रेज, ॲडजेक्टिव्ह फ्रेज, ॲडव्हर्ब फ्रेज, प्रेपोझिशनल फ्रेज, जेरंड फ्रेज, पार्टिसिपल फ्रेज, इन्फिनिटिव्ह फ्रेज अशी यादी एकाखाली एक छापलेली असते, आणि ज्या शब्दगटात कर्ता व पूर्ण क्रियापद यांची जोडी नसते तो फ्रेज, असते तो क्लॉज, अशी व्याख्या वर दिलेली असते. ती व्याख्या परीक्षेपुरती चालते. मात्र फ्रेजमध्ये काय नसते एवढेच ती सांगते. शेजारीशेजारी बसलेल्या चार शब्दांचा गट कशामुळे होतो आणि दुसऱ्या चार शब्दांचा का होत नाही, हा खरा प्रश्न तिच्यात येतच नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या कसोट्या साध्या आहेत, आणि माझ्या मते कोणत्याही प्रकाराचे नाव सांगण्यापूर्वी त्या शिकवल्या पाहिजेत. ‘द टॉल गर्ल फ्रॉम सातारा हॅज अ कोल्ड’ या वाक्यात ‘शी’ हे सर्वनाम घालायचे झाले, तर ते कोणाच्या जागी जाते? ‘गर्ल’च्या जागी घातले तर ‘द टॉल शी फ्रॉम सातारा’ असे अशक्य काही तयार होते. ‘शी’ त्या पाचही शब्दांना मिळून बाजूला करते. सर्वनाम नामाऐवजी येते असे आपण पाठ केलेले असते. प्रत्यक्षात ते संपूर्ण नामपदबंधाऐवजी येते. दुसरी कसोटी उत्तराची. ‘व्हेअर डिड यू मीट हर?’ या प्रश्नाला ‘ऑन द कॉर्नर’ असे तीन शब्दांत उत्तर देता येते, ‘ऑन द’ एवढ्यावर थांबता येत नाही आणि ‘हर ऑन द कॉर्नर’ असेही म्हणता येत नाही. जो गट एकत्र बदलला जातो, एकत्र जागा सोडतो किंवा एकटा उत्तर म्हणून उभा राहतो, तो पदबंध. मुलांना हे एकदा करून पाहायला मिळाले की वाक्याकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

प्रकारांच्या नावांचा गोंधळ मात्र मुलांनी केलेला नाही, तो त्यांना वारशाने मिळालेला आहे. ‘ऑन द कॉर्नर’ ही कोणती फ्रेज? जुन्या शालेय व्याकरणाचे उत्तर वाक्यावर अवलंबून असते. ‘द शॉप ऑन द कॉर्नर’ यात ती दुकानाविषयी सांगते म्हणून ॲडजेक्टिव्ह फ्रेज, ‘वी मेट ऑन द कॉर्नर’ यात ती भेटण्याविषयी सांगते म्हणून ॲडव्हर्ब फ्रेज. आधुनिक व्याकरण दोन्ही ठिकाणी तिला प्रेपोझिशनल फ्रेजच म्हणते, कारण तिच्या मुळाशी ‘ऑन’ हे प्रेपोझिशन आहे. जुने व्याकरण गट काय काम करतो हे विचारते, नवे व्याकरण गट कशाचा बनला आहे हे विचारते. वाक्याचे थरावर थर उकलत घटक शोधण्याची पद्धत अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली मांडली, त्यांच्याच देशातील नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली त्या थरांचे नियम सूत्ररूपात लिहिले, आणि तेव्हापासून प्रत्येक पदबंधाला एक प्रमुख पद असते व त्या प्रमुखावरून त्याचे नाव ठरते, ही कल्पना रुजत गेली. आपल्या गाइडांच्या यादीत या दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळलेल्या आहेत. नामपदबंध आणि प्रेपोझिशनल फ्रेज ही नावे एका पद्धतीची, ‘विशेषणाचे काम करणारी फ्रेज’ हे दुसरीचे, आणि त्यांतून एकच निवडायला सांगितले जाते. हुशार मुले नेमकी येथे अडतात, आणि त्यांचे अडणे योग्यच असते. मी त्यांना दोन स्वतंत्र प्रश्न विचारायला शिकवते: हा गट कशाचा आहे, आणि येथे तो काय करतो आहे? उत्तरे दोन येणे साहजिक आहे.

मराठी मुलांना हा भेद समजायला खरे तर सोपा जायला हवा, कारण त्यांची भाषा तो उच्चारून दाखवते. ‘आम्ही कोपऱ्यावर भेटलो’ आणि ‘कोपऱ्यावरचे दुकान’. क्रियापदाकडे जायचे असेल तर ‘वर’ पुरते. नामाकडे जायचे असेल तर त्यापुढे ‘चा-ची-चे’ लागते, आणि ते पुढच्या नामाच्या लिंगवचनाशी जुळवूनही घेते. इंग्रजीत अशी खूण नाही. त्यामुळे ‘शी फोटोग्राफ्ड द मॅन ऑन द टेरेस’ हे वाक्य इंग्रजीत एकच राहते, आणि मराठीत ते लिहायला घेताच निवड करावी लागते: तिने गच्चीवरच्या माणसाचा फोटो काढला, की गच्चीवर जाऊन माणसाचा फोटो काढला? पहिल्या अर्थात ‘ऑन द टेरेस’ हा ‘द मॅन’ या मोठ्या नामपदबंधाच्या पोटात आहे, दुसऱ्यात तो बाहेर, क्रियापदाच्या आधाराने उभा आहे. शब्द तेच, क्रमही तोच, गाठ तेवढी वेगळ्या ठिकाणी. यंत्राने इंग्रजी वाक्ये उकलण्याच्या शास्त्रात प्रेपोझिशनल फ्रेज कोठे जोडायची हा एक जुना, स्वतंत्र अभ्यासविषय आहे. गणकयंत्रांना ज्याने इतकी वर्षे झुंजवले, त्या ठिकाणी बारावी झालेली मुलगी अडखळली तर तिला इंग्रजी ‘कच्चे’ म्हणू नये, असे मला मनापासून वाटते.

पदबंधाची आतली रचना शिकवताना मी पुण्यातलाच एक पत्ता घेते: ‘द हाउस ऑन द कॉर्नर ऑफ द लेन बिहाइंड द टेम्पल इन कसबा’. आता तोच मराठीत: कसब्यातल्या देवळामागच्या बोळाच्या कोपऱ्यावरचे घर. फळ्यावर एकाखाली एक लिहून दोहोंतले जुळणारे शब्द रेघांनी जोडले, तर सगळ्या रेघा एकमेकींना छेदतात. इंग्रजीत घर पहिले आणि कसबा शेवटी. मराठीत कसबा पहिला आणि घर शेवटी. मधल्या प्रत्येक टप्प्यावरही तेच. इंग्रजीत ‘ऑन’ नामाच्या आधी, मराठीत ‘वर’ नामाच्या नंतर. इंग्रजी पदबंध बहुतांशी प्रमुख पदाने सुरू होतो आणि मग पसरत जातो. मराठी पदबंध आधी सगळी माहिती गोळा करतो आणि प्रमुख पदाशी येऊन थांबतो. म्हणून इंग्रजी वाचणाऱ्या मराठी मुलाची गोची अशी होते की ‘हाउस’ ऐकल्याबरोबर त्याला पदबंध संपला असे वाटते, कारण त्याच्या भाषेत नाम आले की पदबंध मिटतो. पुढचे अकरा शब्द त्याला मग सुटे, बिनमालकाचे वाटू लागतात.

हे उलटे प्रतिबिंब नामपदबंधापुरते थांबत नाही. क्रियापदाकडे पाहा. ‘द लेटर मे हॅव बीन टाइप्ड’ या वाक्यातील क्रियापदबंध ‘मे, हॅव, बीन, टाइप्ड’ या क्रमाने जातो, आणि त्यात प्रत्येक शब्द आपल्या पुढच्याचे रूप ठरवतो: ‘मे’मुळे ‘हॅव’ मूळ रूपात राहते, ‘हॅव’मुळे ‘बी’चे ‘बीन’ होते, आणि त्या कर्मणी ‘बी’मुळे ‘टाइप’चे ‘टाइप्ड’ होते. मराठीत ‘पत्र टाइप केले गेले असावे’. मुख्य क्रिया आधी, कर्मणीचे ‘जाणे’ नंतर, पूर्णत्वाचे ‘असणे’ त्यानंतर, आणि शक्यता सांगणारा ‘आवे’ सर्वांच्या शेवटी. साखळी तीच, दुसऱ्या टोकाकडून ओढलेली. इंग्रजी सहायक क्रियापदांचा क्रम पाठ करायला मुलांना जड जाते. मराठी क्रियापद उलट्या दिशेने वाचून दाखवले की त्या क्रमामागचे कारण त्यांना दिसते, आणि पाठांतर जवळजवळ लागतच नाही.

विशेषणपदबंधाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, आणि मला ती फार आवडते. ‘अ प्राउड मदर’ यात विशेषण मराठीसारखेच नामाच्या आधी येते, म्हणून मुलांना वाटते की येथे तरी दोन्ही भाषा सारख्या आहेत. पण त्या अभिमानाचे कारण सांगायचे झाले की इंग्रजी विशेषण उठून मागे जाते: ‘अ मदर प्राउड ऑफ हर डॉटर’. ‘अ प्राउड ऑफ हर डॉटर मदर’ असे म्हणता येत नाही. विशेषण एकटे किंवा ‘व्हेरी’सारख्या शब्दासह असेल तर ते आधी चालते, त्याने स्वतःमागे शेपूट घेतले की त्याला नामाच्या नंतर जावे लागते. मराठीला असे हलावे लागत नाही. ‘आपल्या मुलीचा अभिमान असलेली आई’ यात वर्णन कितीही लांबले तरी आईच्या आधीच मावते. वाक्य बिघडवल्याशिवाय विशेषणाला कोठवर लांबवता येते, हा खेळ वर्गात चांगला रंगतो. क्रियाविशेषणपदबंधाविषयी मात्र फारसे सांगण्यासारखे नाही. ‘व्हेरी स्लोली’, ‘क्वाइट रीसंटली’ ही रचना मुलांना पहिल्याच वेळी समजते आणि मी पुढे जाते.

या सगळ्याच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि संस्कृत शिकलेल्या मुलांना तो एका उदाहरणात दाखवता येतो. ‘त्या मोठ्या काळ्या घोड्याला’ हे संस्कृतात ‘तस्मै महते कृष्णाय अश्वाय’ असे होईल. चारही शब्दांनी चतुर्थीची विभक्ती पूर्णपणे धारण केली आहे, म्हणून ते वाक्यात विखुरले तरी एकमेकांना ओळखतात. मराठीत ‘ला’ एकदाच, शेवटच्या शब्दाला लागते. बाकीचे शब्द सामान्यरूप घेऊन त्याची वाट पाहतात. ‘तो मोठा काळा घोडा’ याचे ‘त्या मोठ्या काळ्या घोड्या-’ झाले की पुढे काहीतरी जोडले जाणार, हे कानाला कळते. इंग्रजीत ‘टू दॅट बिग ब्लॅक हॉर्स’: एकाही शब्दाचे रूप बदललेले नाही, फक्त पुढे ‘टू’ आहे आणि शब्द जवळजवळ उभे आहेत. इंग्रजीही एके काळी अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत नामे, विशेषणे आणि दर्शक शब्द विभक्तीप्रमाणे बदलत असत. बाराव्या शतकापासून ते प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दक्रमाने व प्रेपोझिशनांनी उचलले. संस्कृतात जे शब्दाच्या अंगावर लिहिलेले असते ते इंग्रजीत शब्दांच्या शेजारावरून वाचावे लागते. त्यामुळेच, शब्दाचे क्रियापदाशी नाते सांगणारा कारकविचार आपल्या परंपरेत केंद्रस्थानी राहिला आणि शब्दगटांच्या थरांचा विचार इंग्रजीच्या अभ्यासकांना अधिक निकडीचा वाटला, अशी माझी समजूत आहे.

असे असले तरी शब्दगटांचा विचार पुण्याला परका नाही. गोपाळ गणेश आगरकरांचे नाव घेतले की आपल्याला ‘सुधारक’ आठवतो. पण ज्या १८८८ साली त्यांनी ते पत्र काढले, त्याच साली त्यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. समाजातील रूढींची चिरफाड करणारा हा माणूस त्याच काळात वाक्याचेही घटक वेगळे करत होता, याचा मला विलक्षण आनंद वाटतो. त्याच्या अकरा वर्षे आधी अमेरिकेत अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन शिक्षकांनी वाक्यांच्या रेखाकृती काढण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. वाक्य उकलून दाखवण्याची ओढ त्या काळात दोन्हीकडे होती. शाळेत आपण जे वाक्यपृथक्करण करतो, त्यातील उद्देश्य आणि उद्देश्यविस्तार, विधेय आणि विधेयविस्तार हे रकाने आठवावेत. ‘विस्तार’ म्हणजे प्रमुख पदाभोवती जमलेले बाकीचे शब्द. प्रमुख आणि त्याचा विस्तार मिळून एक गट, हीच पदबंधाची कल्पना. दहावीपर्यंत मराठीत हे रकाने भरलेल्या मुलाला इंग्रजी नामपदबंध शिकवताना शून्यापासून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. एकाच शाळेत पहिल्या तासाला मराठीचे शिक्षक विस्तार शिकवतात, तिसऱ्या तासाला इंग्रजीचे शिक्षक फ्रेज शिकवतात, आणि या दोन तासांची एकमेकांशी ओळख करून देणारे कोणी नसते, याची मला मनापासून खंत आहे.

प्रमुख पद ओळखण्याचा सर्वांत रोजचा उपयोग क्रियापदाच्या वचनात होतो. ‘द की टू द रूम्स इज विथ द वॉचमन’ या वाक्यात क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘रूम्स’ हे अनेकवचन आहे, आणि हात आपोआप ‘आर’ लिहू पाहतो. पण ‘रूम्स’ हे ‘टू द रूम्स’ या आतल्या पदबंधात बंदिस्त आहे. क्रियापदाचा संबंध ‘की’शी आहे. मराठीत ‘खोल्यांची किल्ली रखवालदाराकडे आहे’ असे म्हणताना ही चूक होण्याचा संभव फारच कमी, कारण प्रमुख पद पदबंधाच्या शेवटी, म्हणजे क्रियापदाकडच्या बाजूलाच असते, आणि ‘खोल्यां’ हे सामान्यरूप आपण कर्ता नसल्याचे स्वतःच सांगते. नामपदबंधाचे प्रमुख नेमके कोणते, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. स्टीव्हन ॲबनी यांनी १९८७ च्या आपल्या प्रबंधात नामाऐवजी ‘द’सारख्या निर्धारकालाच प्रमुख मानण्याचा पक्ष सविस्तर मांडला, आणि तो आज अनेकांना मान्य आहे. वर्गात मी त्या वादात शिरत नाही, मात्र विचारणाऱ्या मुलाला तो आहे एवढे जरूर सांगते.

संबंध दाखवणारा ‘एस’ हीदेखील पदबंधाचीच करामत आहे. ‘द किंग ऑफ इंग्लंड्स क्राउन’ यात ‘एस’ इंग्लंडला चिकटलेला दिसतो, पण मुकुट राजाचा आहे. तो ‘एस’ शब्दाला न लागता अख्ख्या पदबंधाच्या टोकाला लागला आहे. पूर्वी असे नव्हते. चौदाव्या शतकातील इंग्रजी कवी चॉसरच्या कथांच्या जुन्या हस्तलिखितांत बाथच्या बाईची कथा ‘द वाइव्ह्ज टेल ऑफ बाथ’ अशी, म्हणजे प्रत्यय थेट बाईला लावून, ‘ऑफ बाथ’ मागे सोडून लिहिलेली आढळते. विभक्तीचा प्रत्यय शब्दाला सोडून पदबंधाचा झाला, हा बदल त्या भाषेत शब्दगट किती बळकट होत गेला याची साक्ष देतो.

फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारखे दोन शब्दांचे क्रियापद, हे प्रकरण मुलांना छळते, आणि तेथेही गाठ शोधण्याचीच सवय कामी येते. ‘शी टर्न्ड ऑफ द लाइट’ आणि ‘शी टर्न्ड ऑफ द हायवे’ ही वाक्ये डोळ्यांना जुळी दिसतात. पहिल्यात ‘ऑफ’ क्रियापदाशी बांधलेले आहे, म्हणून ‘शी टर्न्ड द लाइट ऑफ’ असे म्हणता येते. दुसऱ्यात ते ‘द हायवे’शी बांधलेले आहे, ‘ऑफ द हायवे’ हा पदबंध आहे, म्हणून ‘ऑफ’ला हायवेपलीकडे नेता येत नाही. फ्रेजल व्हर्बच्या शंभर-दोनशे अर्थांची यादी पाठ करण्यापूर्वी ही एक हालचाल करून पाहावी. क्रियापदबंध या संज्ञेचेही दोन अर्थ आहेत हे येथे सांगायला हवे: रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात सहायकांसह क्रियापद एवढाच क्रियापदबंध होतो, तर चॉम्स्कीच्या परंपरेत कर्म आणि पूरकेही त्यात येतात. ‘मीरा वॉटर्ड द प्लांट्स अँड हर ब्रदर डिड सो टू’ या वाक्यातील ‘डिड सो’ झाडांसकट संपूर्ण पाणी घालणे उचलते, आणि त्या कसोटीवर दुसरा अर्थ मला अधिक पटतो.

‘आयएनजी’ने संपणाऱ्या रूपांच्या फ्रेजेस हा परीक्षेतील सर्वांत अवघड भाग समजला जातो, आणि मराठी मुलांसाठी तो सर्वांत सोपा असायला हवा. ‘सिंगिंग रिक्वायर्स प्रॅक्टिस’, ‘द गर्ल सिंगिंग ऑन द स्टेज’, ‘शी केम इन सिंगिंग’. रूप एकच, कामे तीन. मराठीत तीन वेगळी रूपे येतात: गाण्याला सराव लागतो, मंचावर गाणारी मुलगी, ती गात आत आली. धातुसाधित नाम, धातुसाधित विशेषण, धातुसाधित अव्यय, हे त्यांनी मराठीच्या तासाला शिकलेले असते. इंग्रजी वाक्याचे मनात मराठी करावे आणि कोणते धातुसाधित येते ते पाहावे. जेरंड की पार्टिसिपल हा संभ्रम तेथेच मिटतो. आधुनिक व्याकरणे या गटांना आता फ्रेज म्हणत नाहीत, नॉन-फायनाइट क्लॉज, म्हणजे पूर्ण क्रियापद नसलेला क्लॉज, म्हणतात, कारण त्यांना स्वतःचे कर्म आणि कधी कधी स्वतःचा कर्ताही असतो. हे वर्गीकरण मला अधिक सुसंगत वाटते, पण परीक्षेतील नाव अजून जुनेच आहे, म्हणून मुलांना दोन्ही सांगते.

याच ठिकाणी मराठी मदत करता करता एकदा दगा देते. ‘लक्ष्मी रस्त्यावरून चालताना दुकाने सुंदर दिसत होती’ हे निर्दोष मराठी आहे. ‘वॉकिंग डाउन लक्ष्मी रोड, द शॉप्स लुक्ड ब्यूटिफुल’ हे मात्र काटेकोर इंग्रजीत दोषास्पद मानले जाते, कारण त्या फ्रेजचा न बोललेला कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्यावरून घेतला जातो, आणि मग दुकानेच चालू लागतात. आपल्या ‘-ताना’ रूपावर असे बंधन नाही. ‘घरी येताना पाऊस लागला’ यात येणारा पाऊस नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही. इंग्रजीत एक तर ‘वी’ हा कर्ता मुख्य वाक्यात आणावा लागतो, नाहीतर ‘ॲज वी वॉक्ड’ असा क्लॉज करावा लागतो. दोन कर्ते वेगळे ठेवायचेच असतील तर इंग्रजीत ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट’ अशी ॲब्सोल्यूट रचना आहे. आणि ती समजावताना मी सरळ संस्कृतकडे वळते, कारण ही सति सप्तमी आहे, म्हणजे ‘असे होत असताना’ हा अर्थ सप्तमी विभक्तीने सांगणारी रचना. ‘गोषु दुह्यमानासु गतः’, गाई दोहल्या जात असताना तो गेला. संस्कृत घेतलेल्या मुलांना हे उदाहरण माहीत असते, आणि इंग्रजी पुस्तकात परकी वाटलेली रचना आपल्याला शाळेपासून ठाऊक होती हे कळल्यावर त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

आता गाठीचा शेवटचा प्रकार, जो व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर सर्वांत जास्त अडवतो. ‘गुड स्कूल्स अँड हॉस्पिटल्स’ यात इस्पितळेही चांगली आहेत की फक्त शाळा? मराठीत ‘चांगल्या शाळा आणि दवाखाने’ म्हटले तर ‘चांगल्या’ हे स्त्रीलिंगी रूप शाळांशी जुळते आणि दवाखाने बाहेर राहतात. दोन्ही हवे असतील तर ‘चांगल्या शाळा आणि चांगले दवाखाने’ म्हणावे लागते. परंतु ‘उत्तम’सारखे न बदलणारे विशेषण वापरले की मराठीतही तोच संशय परत येतो. माझ्याकडे पूर्वी शिकलेल्या एका मुलीने तिच्या नेमणूकपत्रातील एक कलम मला वाचायला दिले होते. एक सवलत ‘एम्प्लॉईज अँड ट्रेनीज विथ टू इयर्स ऑफ सर्व्हिस’ यांना मिळणार होती. ‘विथ टू इयर्स ऑफ सर्व्हिस’ हा पदबंध फक्त ‘ट्रेनीज’शी बांधलेला, की दोघांशी? कायद्याच्या अर्थनिर्णयात अशा वेळी, मागून येणारे विशेषण सर्वसाधारणपणे लगतच्या शब्दाचे समजावे असा ‘लास्ट अँटिसिडेंट’चा नियम सांगितला जातो, आशय वेगळा दिसत असेल तर न्यायालय तो बाजूलाही ठेवते. ती मुलगी नियमित कर्मचारी होती आणि तिची सेवा दोन वर्षांची झालेली नव्हती, म्हणजे तिची सवलत या एका गाठीवर अवलंबून होती.

पत्रासोबत त्याचा मराठी अनुवादही होता: ‘दोन वर्षे सेवा झालेले कर्मचारी आणि प्रशिक्षणार्थी’. अनुवादकाने प्रत्येक शब्द बरोबर घेतला होता आणि मराठी पदबंधाच्या नियमाप्रमाणे विशेषण पुढे आणले होते. पण पुढे आणल्याबरोबर ते कर्मचाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. इंग्रजीत अटीतून निसटण्याची शक्यता कर्मचाऱ्यांना होती. मराठीत ती प्रशिक्षणार्थींना मिळाली. दोन्ही मजकूर संदिग्ध, पण विरुद्ध टोकांनी. ‘कर्मचारी, तसेच दोन वर्षे सेवा झालेले प्रशिक्षणार्थी’ असे लिहिले असते तर इंग्रजी कलमाचा लगतचा अर्थ मराठीत उतरला असता. दोघांनाही अट घालायची असती तर दोन्ही भाषांत ती दोनदा लिहायला हवी होती. मी तिला दोन्ही वाक्ये एका कागदावर, पदबंधांभोवती कंस काढून लिहून दिली आणि आस्थापना विभागाला लेखी विचारायला सांगितले. तिने ते टिपण जोडून अर्ज केला, आणि पुढच्या सुधारित पत्रात ते कलम दोन स्वतंत्र ओळींत आले: कर्मचाऱ्यांसाठी एक, अटीविना, प्रशिक्षणार्थींसाठी दुसरी, दोन वर्षांच्या अटीसह.